अकराव्या प्रश्नाचे उत्तर

बुलढाणा
सोमवार, ५ जानेवारी २०२६

आदरणीय जहांआरा मावशी,

सलाम. आपल्याला पत्र लिहिण्याचा कोणताही अधिकार आमच्या घराकडे उरलेला नाही, हे जाणून लिहीत आहे. या धिटाईबद्दल आधीच क्षमा मागते. पूर्ण नाव वाचून आपण पाकीट न उघडताच बाजूला ठेवले असते, म्हणून मागच्या बाजूस फक्त ‘पु. शे.’ एवढेच लिहिले. त्या लबाडीचीही क्षमा असावी. मी बीबी गावची पुष्पांजली, आपल्या अन्नपूर्णेची मुलगी. मी दहा वर्षांची असताना आपण माझ्या हातांत शेवटच्या बांगड्या भरल्या होत्या. मोरपंखी रंगाच्या, एका हातात सात. आता मी बावीस वर्षांची आहे आणि बुलढाण्याच्या एका खासगी दवाखान्यात परिचारिका आहे.

आपल्या दुकानाचा पत्ता आईच्या पेटीतल्या बांगड्यांच्या खोक्यावर मिळाला. त्यावरचा फोन आता लागत नाही. तसा लागला असता तरी मी काय बोलले असते, हे ठाऊक नाही. समोर माणूस असले की माझा आवाज बसतो, लिहिताना तो बसत नाही. आपण आणि आई जळगाव जामोदच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर होतात, हे आठवून अक्षर मोठे काढले आहे. हे पत्र आपण स्वतःच वाचावे, कोणाकडून वाचून घेऊ नये, एवढी विनंती.

आई आजारी आहे. यकृतातले पित्त आतड्यात नेणारी जी बारीक नळी असते, तिच्यात बारा मिलिमीटरचा खडा अडकला आहे. डोळे हळदीसारखे पिवळे झाले आहेत आणि दिवसातून दोनदा थंडी वाजून ताप येतो. असा खडा काढायला आता पोट फाडावे लागत नाही. तोंडातून कॅमेऱ्याची लांब नळी घालतात, ती जठरातून पुढे नेतात आणि पित्तनळीच्या तोंडाशी पोचून खडा ओढून घेतात. आमच्याकडे एकाआड एक शनिवारी बाहेरगावचे तज्ज्ञ डॉक्टर त्यासाठी येतात. येत्या शनिवारी, दहा तारखेला, आईचा क्रमांक आहे.

या उपचाराआधी प्रत्येक रुग्णाची जोखीम तपासायची असते आणि ते काम माझे आहे. सोळा प्रश्नांचा एक तक्ता आहे. मूळ इंग्रजी होता, तो मी मराठीत आणला, कारण ज्याला प्रश्न कळला नाही तो घाईघाईने ‘नाही’ म्हणतो. लोक लपवतात असेही नाही. त्यांना ती गोष्ट सांगण्यासारखी वाटतच नाही. देऊळगावच्या एका काकांनी रक्त पातळ करण्याची गोळी सांगितली नव्हती, कारण त्यांच्या मते ते औषध नव्हते, ‘रोजची गोळी’ होती. अकरावा प्रश्न पूर्वीच्या शस्त्रक्रियांचा आहे. तो मी प्रत्येकाला तीन तऱ्हांनी विचारते: पोटाचे ऑपरेशन झाले आहे का? कधी टाके पडले का? पोटावर कसला वण आहे का?

आईच्या तक्त्यावर त्या प्रश्नाच्या उत्तराविषयी मला शंका आहे.

काल तिचे अंग पुसताना मी तिचे पोट प्रथमच उघड्या उजेडात पाहिले. आमच्या घरात सर्वांना ठाऊक असलेली हकीकत अशी, की लहानपणी आई विहिरीत पडली आणि कपारीने तिचे पोट कापले. पण कपार पट्टी धरून कापत नाही. बेंबीच्या वर वीतभर सरळ रेघ आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर टाक्यांचे ठिपके, नऊ आणि नऊ. पंचफुला आत्या चहाला गेल्या तेव्हा मी विचारले.

“विहिरीत पडली होती ना मी.”

“आई, मी नर्स आहे.”

“मंग तुले जास्त समजते म्हणा.”

मी उठले नाही. सलाईनची अर्धी बाटली संपली असेल, तेव्हा ती छताकडे पाहत म्हणाली, “माह्या बाबानं तुळशीवर हात ठेवायले लावला होता. लग्नाच्या आधी. ऑपरेशन झालेल्या पोरीले कोण करते?” पुढे म्हणाली, “काय कापलं, काय जोडलं, मले काय माहीत? अठराची होती मी. उलट्या बंद झाल्या, एवढंच माहीत. अकोल्याच्या दवाखान्याचे कागद बाबानं जहांआराजवळ जाळाले दिले होते. तिनं जाळले का, ते मी कधी इचारलं नाही.”

मावशी, त्या कागदांवर काय लिहिले आहे, यावर शनिवार अवलंबून आहे. जठर आणि आतडे नव्याने जोडलेले असेल, तर तोंडातून जाणाऱ्या नळीची वाट बदललेली असते. न कळता पुढे रेटली तर आतडे फाटू शकते. सोनोग्राफीत तो भाग वायूमुळे दिसत नाही. मी त्या तज्ज्ञ डॉक्टरांना, आमच्या सरांना, फोनवर सांगितले. ते म्हणाले, “आत पाहून थोडेफार कळेल, पण त्यासाठी एकदा गुंगी आणि उपचारासाठी पुन्हा एकदा. इतका ताप असलेल्या बाईला मी दोनदा गुंगी देऊ इच्छीत नाही. कागद शोधा.”

म्हणून हे लिहिण्याचे धाडस. आपण आमच्या घरातून पाणीही न पिता गेलात, एवढे मला माहीत आहे. त्या दुपारचे बाकी फारसे आठवत नाही. मी लहान होते. माझा मोबाइल क्रमांक सोबतच्या चिठ्ठीवर आहे.

आपली,
पुष्पांजली

---

बुलढाणा
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

आदरणीय मावशी,

काल सायंकाळी मोबाइलवर आलेला आपला आवाज मी नऊ वेळा ऐकला. मागे कोणी गिऱ्हाईक ‘दोन-सहाच्या मापाच्या बांगड्या दाखवा’ म्हणत होते, त्यावरून दुकान तेच आहे हे कळले. आपण जे बोललात ते मी इथे उतरून काढते. माझ्या ऐकण्यात चूक झाली नसल्याचे आपल्यालाही दिसावे.

“पुष्पांजली, तुहं पत्र भेटलं. अक्षर चांगलं हाये, पयलेपासूनच चांगलं होतं. आता एक सांग बेटा. मी तर खोटारडी ना? तुमच्या आंगणात, साऱ्या बायांसमोर, तुह्या मायनं सांगतलं का हे मनियारीन खोटं बोलते. मंग खोटारडीजवळचे कागद खरे कसे राहतीन? जाळाले दिले होते, जाळतो म्हणलं होतं. जाळले का नाही, ते तुले काऊन सांगू? आन तुले त्या दिवसाचं आठवत नाही म्हणतं. वा! दरसाल पयली येणाऱ्या पोरीले आठवत नाही. मले आठवते. ठेवतो.”

मला आठवते, मावशी. सगळे आठवते. सोमवारच्या पत्रात मी ते वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिले होते.

भुईमुगाच्या शेंगा निवडायला अंगणात आठ-दहा बाया बसल्या होत्या. आपण आमच्या हातांत बांगड्या भरून झाल्यावर खोकी आवरत होतात. आई आतून भाकरीचा चतकोर घेऊन आली, तेव्हा पंचफुला आत्या म्हणाल्या, “पाहा, हे दिवसभर बकरीवानी चरते आन जेवणाच्या टायमाले ताटात टाकून उठते.” सगळ्या हसल्या. हे रोजचेच होते; आईही हसायची. आपण हसला नाहीत. आपण म्हणालात, “ताई, तिच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं हाये. एका टायमाले तिले पोटभर जात नाही. डॉक्टरनंच सांगतलं होतं थोडं थोडं खायाचं. खाऊ द्या तिले.”

मग आई जे बोलली ते आपण ऐकलेच आहे. त्यानंतर आपण तिच्याशी वाद घातला नाही. माझ्याकडे वळलात. “पोरी, तू तर खरं बोलशीन. तुह्या मायच्या पोटावर कायचा वण हाये?”

त्याच महिन्यात माझ्या ‘माझी आई’ या निबंधाला तालुक्यात पहिले बक्षीस मिळाले होते. मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि त्यातला दुसरा परिच्छेद म्हणून दाखवला. “माझी आई सात वर्षांची असताना खोल विहिरीत पडली. तिच्या पोटाला कपार लागली. परंतु ती रडली नाही.” बायांनी टाळ्या वाजवल्या. आपण खोक्याची दोरी बांधलीत आणि गेलात.

बारा वर्षे मी स्वतःला सांगत आले, की मी खोटे बोलले नाही, कारण मला तेच खरे वाटत होते. तेही पूर्ण खरे नाही. मी म्हणत असताना आईने मागून माझा फ्रॉक मुठीत धरला होता. ती मूठ कशासाठी आहे, हे मला कळले होते. मी अधिकच स्पष्ट आवाजात म्हटले.

दुसरी गोष्टही सोमवारी लपवली. आईच्या तक्त्यावर अकराव्या प्रश्नापुढे ‘नाही’ असे उत्तर होते, आणि ते माझ्या हातचे होते. दीडशेहून अधिक रुग्णांना तो प्रश्न तीनतीनदा विचारणारी मी. आईला एकदाही विचारले नाही. मला तिचे सगळे माहीत आहे असे समजून, तिच्या पलंगाशी न जाता, टेबलावर बसून सोळाही उत्तरे भरली. रविवारी तिचे अंग दुसऱ्या कोणी पुसले असते, तर तो कागद तसाच सरांच्या हाती गेला असता.

आता आजचे. दुपारी बाबा आणि आत्या दोघेही पलंगाजवळ होते. आईने मऊ भाताचे चार घास खाऊन ताट सरकवले, तशा आत्या बाबांना म्हणाल्या, “शेषराव, इचं पोट असंच बिघडलं. आपल्या घरात कोणी असं दिवसभर तोंड चालवत होतं काय?”

बोलायला गेले असते तर माझा आवाज बसला असता. म्हणून मी तक्ता आणला आणि वाचून दाखवला. पहिल्या प्रश्नापासून. वय, ताप, दमा, साखर, गोळ्या, हिरड्यांतून रक्त. आत्या म्हणाल्या, “हे काय लावलं हिनं?” मी थांबले नाही. अकराव्या प्रश्नाशी आले तेव्हा त्यांच्यासमोर ‘नाही’वर आडवी रेघ मारली, पुढे ‘हो’ लिहिले, सही केली, तारीख घातली आणि तेही वाचले: “पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया: हो. सन १९९७, अकोला. जहांआरा मावशींनी हे २०१३ मध्ये आपल्या अंगणात सांगितले होते. त्या खरे बोलत होत्या. आई खोटे बोलली आणि मी त्या खोट्याला साक्ष दिली.”

बाबा आईकडे पाहत राहिले. “हाव काय?” एवढेच विचारले. आईने भिंतीकडे तोंड केले आणि मान हलवली.

बाबा उठून बाहेर गेले. मला वाटले, ते बीबीची बस धरतात. आई डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. चादरीची किनार बोटांत गुंडाळत होती. अर्ध्या तासाने बाबा राजगिऱ्याच्या वड्या घेऊन परत आले. त्यांनी एका वडीचे चार तुकडे केले, एक आईच्या हातावर ठेवला आणि बाकीचे झाकून ठेवले. मग आत्यांकडे न पाहता म्हणाले, “सव्वीस वर्सं उपाशी ठेवली आपण इले.”

शेवटी आत्या म्हणाल्या, “मंग ते मनियारीन खरीच बोलली होती म्हणा की.” त्यांच्या तोंडून यापेक्षा अधिक निघणार नाही. पण हे त्या म्हणाल्या तेव्हा समोरच्या तिन्ही पलंगांवरच्या बाया ऐकत होत्या.

हे मी कागदांच्या मोबदल्यात केलेले नाही. कागद जळाले असले, किंवा आपल्याला ते द्यायचे नसले, तरी ‘हो’ हे उत्तर तसेच राहील. शनिवारी सर आधी आत पाहतील, दोनदा गुंगीची जोखीम घेतील, आणि मी आईच्या डोक्याशी उभी राहीन. मात्र ठाऊक असलेले सर्व आपल्याला सांगणे माझे कर्तव्य आहे. तोंडातून जाणे शक्य नसेल तर एक दुसरी वाट असते: उजव्या बरगड्यांमधून बारीक सुई यकृतात नेऊन पित्ताला बाहेर वाट काढून देणे. ते काम करणारे डॉक्टर वेगळे असतात. त्यांना सोबत आणायचे तर सरांना शुक्रवारी सायंकाळपर्यंत कळायला हवे. त्या वाटेचीही आपली जोखीम आहे. काविळीत रक्त लवकर गोठत नाही. आईचा गोठण्याचा आकडा सोमवारी १.९ होता, दीडच्या खाली आल्याशिवाय यकृताला सुई लावता येत नाही. व्हिटॅमिन केची तीन इंजेक्शने दिली आहेत. आज तो १.५ आहे.

सोबत तो निबंध पाठवत आहे. बीबीच्या घरी भिंतीवर चौकटीत होता. बाबांना सांगून मागवून घेतला. दुसरा परिच्छेद मी खोडला आहे आणि खाली सही केली आहे. फोनवर उत्तर न देता पुन्हा लिहिते आहे ते यासाठीच, की जे खोटे लिहून बक्षीस मिळवले, ते लिहूनच परत घ्यायला हवे. काही जाळायचेच असेल तर आपण हा कागद जाळावा.

हे पाकीट नांदुऱ्यामार्गे जळगाव जामोदला जाणाऱ्या बसच्या वाहकाकडे देत आहे.

आपली,
पुष्पांजली

---

बुलढाणा
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय मावशी,

‘आदरणीय’ न लिहिता ‘प्रिय’ लिहिले, हेही धाडसच आहे, खपवून घ्यावे.

वाहकाचा फोन आला म्हणून शुक्रवारी साडेतीन वाजता मी बसस्थानकावर होते. वाहकाने पिशवी काखेत घट्ट धरली होती. म्हणाले, “मनियारीन बाईनं बजावून सांगतलं, पोरीच्याच हातात द्या. आधी कार्ड दाखवा ताई.” मी दवाखान्याचे ओळखपत्र दाखवले. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. “हसत काऊन नाही फोटोत?” म्हणाले, आणि मग पिशवी सोडली.

आत बांगड्यांचे खोके होते. त्यात एका मऊ फडक्यात चार कागद. चिठ्ठी नव्हती. निबंधही परत आला नव्हता. कागदांच्या घड्या झिजल्या होत्या आणि त्यांवर मागून पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. अठ्ठावीस वर्षांत कोणीतरी ते अनेकदा उघडून पाहिले आहेत. पहिल्या कागदाचा एक कोपरा जळालेला आहे. बोटभरच. काडी लावली आणि लगेच हाताने विझवली, असे दिसते. मी याविषयी काही विचारणार नाही.

स्थानकाच्या बाकावरच फोटो काढून मी सरांना पाठवले. दहा मिनिटांत फोन आला. जुन्या व्रणाने आईच्या जठराचे पुढचे तोंड बंद झाले होते, म्हणून अकोल्याच्या सर्जननी जठराच्या मागच्या बाजूस लहान आतड्याचा लांब वळसा आणून जोडला होता. त्या डॉक्टरांनी ओळीच्या शेवटी वळशाची लांबी लिहिली होती आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली होती. सर म्हणाले, “तोंडातून पोचायचे तर एवढ्या लांब वळशात उलटे चढावे लागेल, तेही तापलेल्या रुग्णात. नाही. मी सोबत सुईवाल्या डॉक्टरांना आणतो. सकाळी गोठण्याचा आकडा पुन्हा बघा.” मग म्हणाले, “हे कागद कोणी सांभाळले?” मी सांगितले, “माझ्या मावशींनी.”

शनिवारी सकाळी आकडा १.३ होता.

पण एक अडचण आली, ती तक्त्यातल्या सोळा प्रश्नांत कुठेच नव्हती. सलाईनने आईचे हात सुजले होते आणि मनगटांवरच्या हिरव्या बांगड्या रुतल्या होत्या. उजव्या हाताला नवी सुई लावायची होती. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिले, प्लास्टिकची पिशवी चढवून पाहिली. बांगडी हलेना. त्या वाढवाव्या लागणार होत्या. आत्या दारात आडव्या झाल्या. “नवरा जिता असून, आन तेही ऑपरेशनच्या दिवशी? काय अपशकुन करता बे पोरींनो?” बाबा म्हणाले, “बाई, मी हा इथं उभा हाओ. मले काही होत नाही.” तरी आत्या हलल्या नाहीत.

तेव्हा आई उठून बसली. सव्वीस वर्षे जिने हा संसार टिकावा म्हणून एक आख्खी विहीर उभी केली, तिने पलंगाच्या लोखंडी कडेवर स्वतः हात टेकवला आणि मला म्हणाली, “वाढव. जहांआरा असती तर एकही न फुटता काढल्या असत्या तिनं. ते नाही, त्याले कारण मीच हाओ. तू वाढव.” मी रुमाल गुंडाळून एकेक वाढवली. चोवीस.

पाऊण तासात काम झाले. सुईवाल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत दोन बरगड्यांमधून वाट धरली. मी आईच्या डोक्याशी होते. तिने माझ्या झग्याची किनार मुठीत धरली होती. या वेळी ती मूठ खरे सांगू नकोस म्हणून नव्हती. नळीतून आधी गढूळ, मग काळपट हिरवे पित्त आले. कालपासून ताप नाही. डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला आठवडा लागेल. खडा अजून आतच आहे. पंधरवड्याने, सूज उतरल्यावर, याच वाटेने तो काढतील. त्याचीही जोखीम आहे आणि तिचाही तक्ता मीच भरणार आहे. मात्र या वेळी पलंगावर बसून, तिला विचारून.

तो जुना तक्ता सरांनी मागून घेतला. ‘नाही’वरची रेघ आणि पुढचे ‘हो’ पाहून म्हणाले, “हा असाच ठेवा. नव्या मुलींना दाखवत जा.” मला लाज वाटली, पण मी दाखवणार आहे. आणि अकरावा प्रश्न काल बदलून लिहिला. आता तो असा आहे: ‘लग्नाआधी किंवा नंतर पोटाचे कोणतेही ऑपरेशन झाले आहे का? हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर पाठवून, एकट्याने, पोट पाहून विचारावा.’ सरांनी त्यावर सही केली आहे.

आणखी एक. पुढच्या रविवारी मेहकरचे पाहुणे मला पाहायला येणार आहेत. आत्या आज सकाळी म्हणाल्या, “त्यांले मायच्या ऑपरेशनचं सांगायची काही गरज नाही.” मी म्हटले, “मी सांगणार आहे.” हे मी न वाचता, तोंडाने बोलले. आवाज बसला नाही. बाबा म्हणाले, “सांगू दे तिले.”

आता ज्यासाठी हे पत्र, ते लिहिते. आई आपल्याला बोलावत नाही. ती म्हणते, “मले बोलवायले तोंड नाही.” ती फक्त हात रिकामे ठेवून बसली आहे. काल सायंकाळी आत्यांनी बाजारातून दोन डझन हिरव्या बांगड्या आणल्या आणि तिच्या उशाशी ठेवल्या. “सवाष्णीनं असं राहू नाही. घाल.” आईने त्या परत त्यांच्या हातात दिल्या.

“जहांआरा भरन तवाच भरीन.”

“आन ते नाहीच आली तर?”

“तर हात असेच राहतीन.”

आज येणारी प्रत्येक बाई आधी तिच्या मनगटांकडे पाहते, मग बाबांकडे. शेजारच्या पलंगावरच्या बाईने तर कुजबुजत विचारलेही, की घरात काही झाले का. आई लपवत नाही. पदराखाली हात घेत नाही. विचारणाऱ्या प्रत्येकीला ती आपले नाव सांगते, आपले गाव सांगते आणि अंगणातली ती दुपार सांगते. आतापर्यंत तिने ती पाच जणींना सांगितली आहे. पाचव्या वेळी आत्या म्हणाल्या, “पुरे झालं आता, साऱ्या बुलढाण्याले सांगतं काय?” आई म्हणाली, “हाव.”

मी हे लिहायला बसले तेव्हा आत्या बराच वेळ माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण आपले नाव कुठे आले असेल, हे त्यांनी ओळखले असावे. शेवटी म्हणाल्या, “लिहून राह्यलीच हाये तर हेही लिहिजो तिले. हात सुजेल हायेत म्हणा. एक साईज मोठी आणजो.”

आपली,
पुष्पांजली

जळगाव जामोदच्या बसच्या वाहकाकडे दिले: रविवार, ११ जानेवारी २०२६, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे.